अलिबागची सुई आणि थुंब्याचे आकाश

होकायंत्राची सुई उत्तर दिशा दाखवते, असे आपण वर्गात शिकवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. हे विधान जवळजवळ खरे आहे. पण त्यातला 'जवळजवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. सुई नेमकी उत्तर दाखवत नाही, इतकेच नव्हे तर ती एका जागी स्थिरही राहत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती अगदी थोडी, डोळ्यांना न जाणवण्याइतकी, एका बाजूला सरकते आणि पुन्हा परत येते. लंडनमधील घड्याळे व उपकरणे बनवणारे कुशल कारागीर जॉर्ज ग्रॅहॅम यांनी 1722 साली सूक्ष्मदर्शक लावून सुईचे टोक पाहिले, तेव्हा ही दैनिक हालचाल प्रथम ध्यानात आली. हे सरकणे एका अंशाच्या काही थोड्या भागाएवढेच असते.

एवढ्याशा हालचालीचा पाठपुरावा करता करता माणूस जमिनीपासून शंभर किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या एका प्रचंड विद्युत् प्रवाहापर्यंत जाऊन पोचला. हा प्रवाह उष्ण कटिबंधाच्या आकाशात आहे. भारताच्या दक्षिण टोकावरूनही तो जातो. त्याच्या शोधाच्या कथेत पेरू देशातील एक डोंगराळ गाव आहे, केरळातील कोळ्यांचे एक खेडे आहे आणि आपले अलिबागही आहे.

सायकलचा डायनॅमो आणि आकाश

सुईची दैनिक हालचाल सूर्याशी निगडित आहे, हे लवकरच स्पष्ट झाले. ती दिवसा जास्त असते, रात्री जवळजवळ थांबते, उन्हाळ्यात वाढते आणि हिवाळ्यात कमी होते. पण हालचालीचे कारण कोठे शोधायचे, जमिनीखाली की जमिनीवर? पृथ्वीच्या चुंबकत्वाचा मुख्य स्रोत पृथ्वीच्या पोटात आहे, हे कार्ल फ्रीडरिख गाउस यांनी 1839 साली गणिताने दाखवले होते. दैनिक हालचालीचे मात्र तसे नसावे.

1882 साली बाल्फोर स्ट्यूअर्ट या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने एक धाडसी कल्पना मांडली. खूप उंचावरची हवा विद्युत्‌वाहक असली पाहिजे आणि सूर्यामुळे ती हलत असली पाहिजे, असे ते म्हणाले. चुंबकीय क्षेत्रातून वाहक पदार्थ हलला की त्यात विद्युत् प्रवाह निर्माण होतो. सायकलच्या डायनॅमोचे तत्त्व हेच आहे. आकाशातल्या डायनॅमोत चुंबक म्हणजे स्वतः पृथ्वी, तारेचे वेटोळे म्हणजे वरची वाहक हवा, आणि पायडल मारणारा सूर्य. 1889 साली आर्थर शूस्टर यांनी गाउस यांचीच गणिती रीत वापरून, दैनिक हालचालीचा मोठा भाग खरोखरच पृथ्वीबाहेरून येतो, हे सिद्ध केले.

त्या काळी अग्निबाण नव्हते आणि रेडिओही नव्हता. वरची हवा वाहक आहे याचा दुसरा कोणताही पुरावा हाती नव्हता. मार्कोनी यांचा संदेश 1901 साली अटलांटिकपार गेल्यावर, 1902 साली केनेली आणि हेवीसाइड यांनी रेडिओ लहरी परतवणाऱ्या वाहक थराची कल्पना मांडली. अ‍ॅपल्टन आणि बार्नेट यांनी तो थर प्रयोगाने दाखवला तो 1924 साली. आज त्याला आपण आयनांबर म्हणतो. सूर्याचे अतिनील व क्ष-किरण तेथील अणुरेणूंमधून इलेक्ट्रॉन काढून घेतात, म्हणून तेथे मोकळे इलेक्ट्रॉन आणि आयन असतात. टेबलावरच्या सुईने जे सुचवले होते, त्याला रेडिओने दुजोरा देईपर्यंत चाळीसहून अधिक वर्षे गेली.

कुलाब्याच्या नोंदी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जगभर चुंबकीय वेधशाळांचे जाळे उभे राहत होते. मुंबईला कुलाब्यात ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली खगोलीय वेध आणि वेळ पाहण्यासाठी वेधशाळा उभारली होती. तेथे 1841 साली चुंबकीय वेध सुरू झाले. त्याच सुमारास त्रावणकोरच्या महाराजांच्या त्रिवेंद्रम येथील वेधशाळेतही असे वेध घेतले जाऊ लागले. तिचे पहिले संचालक जॉन कॅल्डेकॉट होते. नंतर 1852 साली आलेले जॉन अ‍ॅलन ब्राउन यांनी तर जंगलातल्या अगस्त्यमलाई शिखरावर दुसरी वेधशाळा बांधून तेथेही चुंबकीय वेध घेतले.

त्रिवेंद्रमचे महत्त्व समजण्यासाठी 'नति' ही संज्ञा आठवू. सुई मध्यावर टांगून वर-खाली फिरू दिली, तर ती आडवी राहत नाही. उत्तर गोलार्धात तिचे उत्तर टोक खाली झुकते. या झुकण्याच्या कोनाला नति म्हणतात. चुंबकीय ध्रुवावर नति 90 अंश असते. जेथे ती शून्य होते, म्हणजे सुई अगदी आडवी राहते, ती ठिकाणे जोडणारी रेषा म्हणजे चुंबकीय विषुववृत्त. ही रेषा भूगोलातल्या विषुववृत्तावरून जात नाही. भारताच्या बाजूला ती त्याच्या उत्तरेला आठ-नऊ अंशांवरून जाते, तर दक्षिण अमेरिकेत पेरूजवळ सुमारे बारा अंश दक्षिणेला उतरते. वर्षानुवर्षे ती सावकाश सरकतही असते. त्रिवेंद्रम या रेषेच्या अगदी जवळ होते.

कुलाब्याला दिवसरात्र ठरावीक वेळी उपकरणे वाचून आकडे वहीत उतरवले जात. या कामात रोमहर्षक असे काही नव्हते. पण 1 व 2 सप्टेंबर 1859 रोजी सूर्यावरील मोठ्या उद्रेकानंतर पृथ्वीवर जे प्रचंड चुंबकीय वादळ आले, त्याची नोंद कुलाब्याच्या वहीत राहिली. चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक त्या वेळी सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी खाली आला होता. तेथील नेहमीचे मूल्य सदतीस-अडतीस हजार नॅनोटेस्लांच्या आसपास धरले, तर ही घट चार टक्क्यांहून अधिक होते. 2003 साली संशोधकांनी या वादळाची तीव्रता नव्याने मोजली ती याच जुन्या आकड्यांवरून. ज्यांनी ते आकडे लिहिले, त्यांना त्यांचा हा उपयोग ठाऊक असणे शक्यच नव्हते.

ट्राम आणि वेधशाळा

1896 साली डॉ. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. लवकरच त्यांच्यापुढे एक पेच उभा राहिला. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरले. ट्रामच्या तारांतून आणि रुळांतून वाहणारा प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. ज्या उपकरणांनी मुख्य क्षेत्रातला हजारावा भागही मोजायचा, त्यांच्याजवळून ट्राम धावू लागल्या की त्यांच्या नोंदी निरर्थक होणार हे उघड होते.

शहराची गरज खरी होती आणि नोंदींची मालिकाही मोलाची होती. तोडगा निघाला तो वेधशाळा हलवण्याचा. मुंबईपासून सुमारे 30 कि.मी. अंतरावर, खाडीपलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. पण नुसते स्थलांतर करून भागणार नव्हते. जागा बदलली की मूल्ये बदलतात. मग जुने आकडे आणि नवे आकडे जोडायचे कसे? म्हणून 1904 ते 1906 अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले. त्या काळातल्या फरकावरून दोन्ही मालिका एकमेकींना नीट सांधता आल्या. त्यानंतर कुलाब्याचे चुंबकीय वेध थांबले आणि 1907 साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. मूस यांनी 1846 ते 1905 या काळातील कुलाब्याच्या वेधांचे विवेचन 1910 साली प्रसिद्ध केले.

ही दोन वर्षांची दुहेरी मेहनत विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत येत नाही. तिच्यामुळे मात्र 1840 च्या दशकापासून आजपर्यंतची एक सलग मालिका आपल्या हाती राहिली. अशा लांब आणि अखंड मालिका जगात फार थोड्या आहेत.

पेरूतील कोडे

1922 साली अमेरिकेतील कार्नेगी संस्थेने पेरू देशातील वांकायो या गावी चुंबकीय वेधशाळा सुरू केली. अँडीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवरचे हे ठिकाण चुंबकीय विषुववृत्तावर होते. तेथील आकडे आले आणि संशोधक बुचकळ्यात पडले. आडव्या घटकातील दैनिक वाढ इतर ठिकाणांच्या दुपटीहून अधिक होती. सूर्य तर उष्ण कटिबंधात सगळीकडेच माथ्यावर तळपतो. मग वांकायोतच असे विशेष काय होते?

उपकरणात दोष आहे, अशी शंका अशा वेळी आधी येते. ती दूर करण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे दुसऱ्या ठिकाणांशी तुलना. डेन्मार्कचे एगेडाल यांनी 1947 साली निरनिराळ्या वेधशाळांची दैनिक वाढ त्यांच्या चुंबकीय विषुववृत्तापासूनच्या अंतरानुसार मांडली, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. वांकायो हा अपवाद नव्हता. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना जेमतेम तीन-तीन अंशांचा एक चिंचोळा पट्टा होता, आणि त्यात दुपारच्या सुमारास ही वाढ एकदम उसळत होती. 1951 साली सिडनी चॅपमन यांनी त्यामागील प्रवाहाला जे नाव दिले, त्याचे मराठीत 'विषुववृत्तीय विद्युत् झोत' असे रूपांतर करता येईल.

झोत तेथेच का?

याचे उत्तर आडव्या सुईत आहे. चुंबकीय विषुववृत्तावर क्षेत्ररेषा जमिनीला समांतर, दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. दिवसा आकाशातल्या डायनॅमोमुळे तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे विद्युत् क्षेत्र तयार होते. अशा एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन क्षेत्रांत सापडलेला इलेक्ट्रॉन दोहोंना काटकोन करून सरकतो. येथे ती दिशा वरची असते. आयन जड असतात आणि शंभर कि.मी. उंचीवर ते हवेच्या रेणूंवर सतत आदळत राहतात, त्यामुळे ते फारसे हलत नाहीत. परिणामी वाहक थराच्या वरच्या बाजूला ऋण भार साचतो आणि खाली धन भार उरतो.

इतर ठिकाणी क्षेत्ररेषा तिरप्या असतात, त्यामुळे साचलेला भार त्यांच्यावरून निसटून जातो. चुंबकीय विषुववृत्तावर रेषा आडव्या आहेत, त्यामुळे भाराला वर-खाली जाण्याची वाटच नाही. ओढ्याला बांध घातला की पाणी चढते, तसा भार साचत जाऊन खालून वर जाणारे प्रबळ विद्युत् क्षेत्र तयार होते. या नव्या क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन पश्चिमेकडे धावू लागतात. इलेक्ट्रॉन पश्चिमेकडे गेले की विद्युत् प्रवाह पूर्वेकडे वाहतो. तो मूळच्या पूर्वेकडील प्रवाहात मिळतो आणि झोत तयार होतो. रात्री या उंचीवरचे बहुतेक इलेक्ट्रॉन आयनांशी पुन्हा संयोग पावतात, म्हणून झोतही विझतो.

वरच्या आकाशाचे बरेचसे शास्त्र तोपर्यंत युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या वेधांवर उभे होते. तेथील आकडे कितीही काटेकोर असले, तरी त्यांत हा झोत दिसलाच नसता. तो पाहण्यासाठी विषुववृत्ताजवळच जावे लागणार होते.

कोळ्यांच्या गावातून अग्निबाण

सुई जमिनीवरची होती. तिच्यावरून वरच्या प्रवाहाचा तर्क करता येतो, पण त्याची नेमकी उंची आणि जाडी सांगता येत नाही. त्यासाठी मापक वर न्यावा लागतो. मार्च 1949 मध्ये पेरूच्या किनाऱ्याजवळ एका अमेरिकन जहाजावरून सोडलेल्या अग्निबाणात चुंबकमापक होता. 93 ते 105 कि.मी. या उंचीतून जाताना त्याला चुंबकीय क्षेत्रात एकदम बदल आढळला. अग्निबाण प्रवाहाच्या थरातून पार झाला होता.

भारतात 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने त्रिवेंद्रम आणि अन्नामलाईनगर येथे नव्या चुंबकीय वेधशाळा सुरू झाल्या. त्रिवेंद्रमच्या आकड्यांत वांकायोसारखीच उसळी होती. डॉ. विक्रम साराभाई आणि त्यांचे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील सहकारी विश्वकिरणांवर आणि आयनांबरावर काम करीत होते. अग्निबाण सोडायचे तर ते झोताच्या खालूनच, हे त्यांच्या दृष्टीने उघड होते. केरळच्या किनाऱ्यावरील जागांची पाहणी झाली. या कामात मूळचे कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस यांचा मोठा वाटा होता. निवड झाली ती त्रिवेंद्रमजवळच्या थुंबा या कोळ्यांच्या वस्तीची.

तेथे सेंट मेरी मॅग्डलीनचे चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी हा विषय आपल्या लोकांपुढे ठेवला. लोकांनी मान्यता दिली आणि कुटुंबे दुसरीकडे हलली. चर्चमध्येच कार्यालय थाटले गेले आणि तेथेच पहिल्या अग्निबाणाची जोडणी झाली. ती वास्तू आज अंतराळ संग्रहालय आहे. भारतीय अवकाश कार्यक्रमाच्या गौरवगाथेत या कोळी कुटुंबांचा उल्लेख ओझरताच होतो. त्यांनी घरे सोडली नसती, तर पुढचे काहीच तेथे घडले नसते.

21 नोव्हेंबर 1963 रोजी संध्याकाळी थुंब्याहून पहिला अग्निबाण निघाला. अग्निबाण अमेरिकेचा होता आणि त्यातली सोडियम बाष्पाची कुपी फ्रान्सची होती. खाली अंधारू लागले होते, पण वर अजून ऊन होते. त्या उन्हात सोडियमचा नारिंगी पट्टा आकाशात चमकला. निरनिराळ्या ठिकाणांहून त्याची छायाचित्रे घेऊन तो कसा वाहत जातो हे मोजले, की त्या उंचीवरच्या वाऱ्याचा वेग कळतो. हा वारा म्हणजे आपल्या डायनॅमोचे पायडलच.

1964 पासून थुंब्याहून चुंबकमापक असलेले अग्निबाणही झोतातून पाठवले गेले. अहमदाबादच्या प्रयोगशाळेतील शास्त्री यांनी अशा उड्डाणांवरून 1968 साली दाखवले, की प्रवाह सर्वांत प्रबळ असतो तो 107 कि.मी.च्या आसपास. त्याच वर्षी, 2 फेब्रुवारी 1968 रोजी, थुंबा केंद्र संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने सर्व देशांच्या संशोधकांसाठी समर्पित करण्यात आले.

वजाबाकी

आता पुन्हा अलिबागकडे येऊ. झोत रोज किती जोरात वाहतो हे मोजण्यासाठी रोज अग्निबाण सोडणे परवडणारे नाही. झोताखालच्या वेधशाळेतील दैनिक वाढ घ्यावी, तर तिच्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. सगळीकडे पसरलेला साधारण दैनिक प्रवाह आणि दूर अवकाशातून येणारे चुंबकीय बदल ही एक, आणि खुद्द झोत ही दुसरी. या दोहोंना वेगळे कसे करायचे?

उत्तर चौथीतल्या मुलालाही कळेल असे आहे. साधारण त्याच रेखावृत्तावर, पण झोताच्या पट्ट्याबाहेर असलेली वेधशाळा निवडायची आणि तिचा आकडा वजा करायचा. अशी वेधशाळा म्हणजे अलिबाग. तामिळनाडूतील तिरुनेलवेलीच्या आडव्या घटकाच्या दैनिक वाढीतून अलिबागची वाढ वजा केली की उरतो तो झोत. शांत दिवशी दुपारच्या सुमारास अलिबागला वाढ चाळीस-पन्नास नॅनोटेस्ला असेल, तर झोताखाली ती शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही पुढे जाते. ही साधी वजाबाकी भारतीय आणि परदेशी संशोधक आजही वापरतात.

म्हणजे झोत 'आहे' हे समजण्यासाठी तो 'नसलेले' ठिकाणही तितक्याच निष्ठेने मोजावे लागते. अलिबागच्या आकाशात झोत नाही, आणि नेमकी हीच त्याची या विषयातली योग्यता आहे. कुलाब्याची मालिका ट्रामखाली तुटली असती, तर आजच्या आकड्यांमागे पावणेदोनशे वर्षांचा आधार राहिला नसता.

झोताचे पुढे काय?

काही दुपारी झोत उलटा, म्हणजे पश्चिमेकडे वाहतो, हे फादर पिएर गुआँ यांना 1962 च्या सुमारास इथिओपियातील अदिस अबाबा येथे आढळले. हे का घडते याचा शोध घेताना असे लक्षात आले, की उत्तर ध्रुवावरचे स्थितांबर हिवाळ्यात कधी एकाएकी तापते आणि त्याचा परिणाम हजारो किलोमीटर दूर विषुववृत्तीय आयनांबरावर होतो. जानेवारी 2009 मधील अशा मोठ्या घटनेत हा संबंध ठळकपणे दिसला. त्याखेरीज, ज्या पूर्वाभिमुख विद्युत् क्षेत्रामुळे झोत चालतो, तेच अधिक उंचीवरचे इलेक्ट्रॉन व आयन वर उचलते. ते पुढे क्षेत्ररेषांवरून घसरून चुंबकीय विषुववृत्तापासून दोन्हीकडे सुमारे पंधरा अंशांवर उतरतात. इलेक्ट्रॉनांची ही दाटी अ‍ॅपल्टन यांनी 1946 साली दाखवली, आणि कोलकात्याचे शिशिरकुमार मित्र यांनी त्याच वर्षी तिचा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी संबंध जोडला. आपल्याकडे ही दाटी अहमदाबाद-भोपाळच्या आसपास असते आणि महाराष्ट्र तिच्या उतारावर येतो.

उपग्रहांवरून स्थान सांगणाऱ्या यंत्रणेचे संकेत याच थरांतून येतात. इलेक्ट्रॉन दाट असले की संकेताला उशीर होतो आणि स्थान चुकते. विमानांसाठी 'गगन' ही भारतीय यंत्रणा उभारताना आपल्या डोक्यावरच्या या अस्थिर आयनांबराचा हिशेब करावाच लागला. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात 1999 साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेने एक रडार उभारले. 80 ते 98 कि.मी. उंचीच्या वाऱ्यांचा अभ्यास हे त्याचे काम होते.

वर्गासाठी एक सूचना. पोलादी विणकामाची सुई घ्या, मध्यावर दोरा बांधून ती आडवी तोलून घ्या, आणि मग दोरा न हलवता तिला चुंबकाने एकाच दिशेने घासा. पुन्हा टांगल्यावर तिचे उत्तर टोक खाली झुकलेले दिसेल. महाराष्ट्रात हा कोन स्थळानुसार 20 ते 30 अंशांच्या आसपास येतो. विद्यार्थ्यांना तो कोनमापकाने मोजू द्या, तारीख घालून वहीत लिहू द्या, आणि दुसऱ्या जिल्ह्यातील एखाद्या शाळेच्या आकड्याशी ताडून पाहू द्या. दोन आकड्यांत फरक आला, तर लगेच 'चुकले' म्हणू नका. मोजण्यात चूक झाली का ते तपासा. चूक नसेल, तर त्या फरकाचे कारण काय असेल, ते मुलांनाच विचारा. वांकायोचे कोडे याच प्रश्नाने सुटले होते.